स्कूबा डायव्हिंगला जाताना साधा स्नॉर्केल सोबत न्यावा का?

प्रश्न (दादर): प्रशिक्षण पूर्ण केल्यानंतर मी पावसाळा संपताच मालवणला डायव्हिंगसाठी जाणार आहे. पाठीवर हवेचा सिलिंडर असताना स्नॉर्केलचा (चेहरा पाण्यात ठेवून वरची हवा घेण्याच्या नळीचा) खरोखर काही उपयोग होतो का?

उत्तर (मुलुंड): होतो, परंतु पाण्याखाली नव्हे, पृष्ठभागावर. बोट दूर असेल, लाटा उसळत असतील आणि सिलिंडरमधील हवा संपत आली असेल, तर चेहरा पाण्यात ठेवून शांतपणे पोहता येते आणि उरलेली हवा अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवता येते.

उत्तर (वर्सोवा): हे मान्य आहे, तरीही स्नॉर्केल मास्कला कायम लावून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. प्रवाहात ती नळी मास्क खेचते, आणि खडकांत अडकलेल्या तुटक्या जाळ्यांत ती गुंतू शकते. बुडालेल्या जहाजात किंवा गुहेत तर ती नकोच. घडी होणारा स्नॉर्केल खिशात ठेवावा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. बीसीडी (हवा भरून तरंगवणारे डायव्हिंगचे जॅकेट) फुगवून पाठीवर तरंगणे पुरेसे नाही का?

उत्तर (मुलुंड): संथ पाण्यात पुरेसे आहे. खवळलेल्या समुद्रात मात्र लाटा तोंडावरून जातात आणि खालचा सोबतीही दिसत नाही.