‘मिस दिओर’: नाव एकच, सुगंध दोन. यातला ‘रोमँटिक’ कोणता म्हणायचा?

निशिगंधा_पुणे
नमस्कार. माझी आत्या १९७० च्या दशकात काही वर्षे पॅरिसला होती. तिथून आणलेली ‘मिस दिओर’ची, म्हणजे दिओर या फ्रेंच फॅशनगृहाच्या सुगंधाची, एक बाटली तिने आजवर कपाटात जपून ठेवली आहे, आणि तळाशी अजून थोडा अर्क शिल्लक आहे. गेल्या महिन्यात मी त्याच नावाची नवी बाटली घेतली. दोन्ही शेजारी ठेवून हुंगल्या, तेव्हा त्या एकाच घराण्यातल्या आहेत यावर माझा विश्वास बसेना. नवी गोड आणि फुलांनी भरलेली आहे. जुनीला मात्र पावसात भिजलेल्या झाडाच्या सालीचा आणि चामड्याचा कडवट वास येतो. नव्या सुगंधाला रोमँटिक आणि स्त्रीसुलभ म्हणतात ते मला पटते, पण जुन्यालाही त्या काळी तसेच म्हणत असतील का? आणि दुसरा प्रश्न असा की, कपडे शिवणाऱ्या घराला पहिल्याच वर्षी सुगंधाच्या धंद्यात उतरावेसे का वाटले असावे?

कापडपेठ
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझा संबंध कापडाशी आहे. ख्रिस्तियान दिओर यांनी १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसच्या आव्हन्यू माँतेन्यवरील आपल्या वाड्यात पहिला संग्रह मांडला आणि ‘मिस दिओर’ त्याच वर्षी आले. त्यांच्या पाठीशी भांडवल होते मार्सेल बूसाक या कापड गिरणीमालकाचे. दुसऱ्या महायुद्धातील टंचाईनंतर घेरदार, लांब, कित्येक मीटर कापड खाणारे झगे लोकप्रिय होणे हे गिरणीमालकाला किती मानवले असेल, ते वेगळे सांगायला नको. सुगंधाची बाजू सांभाळली सर्ज एफ्टलर-लुईश यांनी. ते दिओर यांचे ग्राँव्हील या त्यांच्या गावचे बालमित्र होते आणि सुगंधाच्या व्यवसायातले अनुभवी होते.

फॅशनगृहाने सुगंध काढायचा ही कल्पना दिओर यांची नव्हे. पोल पुआरे या पॅरिसच्या फॅशनकारांनी १९११ मध्येच मुलीच्या नावाने ‘रोझीन’ सुगंध काढले होते. मात्र त्यांवर स्वतःचे नाव घातले नाही, ही त्यांची चूकच म्हणायची. फॅशनकार कोको शानेल यांनी १९२१ मध्ये आपल्या ‘नंबर ५’ या सुगंधाला स्वतःचे नाव दिले, पण १९२४ मध्ये त्यासाठी जी स्वतंत्र कंपनी उभी राहिली, तिच्यात त्यांच्या वाट्याला फक्त १० टक्के आले. मापाचा एक झगा शिवायला शिलाईघरातील अनेक हातांना कित्येक तास लागतात आणि तो एकाच अंगाला बसतो. बाटलीला माप नसते. झगा ज्यांना कधीच परवडणार नाही, त्यांना त्या घराचे नाव तरी घरी नेता येते. म्हणून आजही अनेक फॅशनगृहे केवळ नाव देतात आणि सुगंध दुसरीच कंपनी काढते: क्लोएचे सुगंध कोटी बनवते, तर इव्ह सां लोराँचे लोरेआल. दिओरचे कपडे आणि सुगंध मात्र आज एकाच समूहात, एलव्हीएमएचमध्ये, आहेत.

मरवा
आता वासाबद्दल. मूळ ‘मिस दिओर’ हे ‘शिप्र’ जातीचे होते. या जातीचा कणा ओकच्या झाडावर वाढणारे एक दगडफूल असतो. आपण गोड्या मसाल्यात घालतो त्या दगडफुलाचेच हे भाऊबंद, दोन्ही एकाच कुळातले. त्याच्या जोडीला पॅचुली, म्हणजे आपली पाच, आणि सुरुवातीलाच नाकात शिरणारा गॅल्बनमचा हिरवा तिखटपणा; हे गॅल्बनम हिंगाच्याच जातीतील एका इराणी झाडाचा चीक असते. मोगऱ्याच्या आणि गुलाबाच्या जातीची फुले यात होतीच, पण ती या कडवट पायावर उभी होती.

आपल्या आत्यांच्या बाटलीबाबत एक खबरदारी घ्यावी. पन्नास वर्षांत सर्वांत आधी उडतात किंवा बिघडतात ते वरचे हलके घटक. त्यामुळे आपल्याला जे जाणवले, तो मुख्यतः सुगंधाचा तळ, म्हणजे शेवटपर्यंत टिकणारे जड घटक आहेत. वरची हिरवाई आणि फुले बरीचशी निघून गेली असणार.

नव्या सुगंधाची वंशावळ निराळी आहे. २००५ मध्ये सुगंधकार क्रिस्तीन नाजेल यांनी केलेले ‘मिस दिओर शेरी’ बाजारात आले, त्यात स्ट्रॉबेरीचा आणि साखरेच्या पाकातील पॉपकॉर्नचा भास होता. ही गोडी रूढ केली होती तीही एका फॅशनगृहाने, तिएरी म्युग्लेर यांच्या ‘एंजल’ने, १९९२ मध्ये. पुढे २०१२ च्या सुमारास ‘शेरी’ हा शब्द गळाला, धाकटीच ‘मिस दिओर’ झाली आणि थोरलीला ‘ओरिजिनाल’ अशी पुस्ती जोडावी लागली. माझ्या मते हा शुद्ध अन्याय आहे, पण तो माझा पक्षपात समजावा. शिवाय ओकच्या दगडफुलातील दोन घटकांमुळे त्वचेला ॲलर्जी होते म्हणून युरोपीय संघाने २०१७ मध्ये ते दोन घटक निषिद्ध ठरवले; त्यामुळे जुनी कृती जशीच्या तशी करणे आता शक्यही नाही.

दवणा_सांगली
कापडपेठ यांचा हिशेब बरोबर आहे, पण तेवढाच नाही. ‘मिस दिओर’ हे नाव ख्रिस्तियान दिओर यांच्या धाकट्या बहिणीवरून, कातरीन दिओर यांच्यावरून आले, असे दिओर घराणेच सांगते. कातरीन महायुद्धात जर्मन ताब्याविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार चळवळीत होत्या. १९४४ मध्ये त्यांना अटक झाली, नाझींच्या राव्हेन्सब्रुक छळछावणीत पाठवले गेले, आणि १९४५ मध्ये त्या जिवंत परतल्या. पुढे त्यांनी फुलांचा व्यापार केला, दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हाँसमध्ये गुलाब लावले. अशा स्त्रीच्या नावाचा सुगंध कडवट मुळांवर उभा असावा, हे मला विसंगत वाटत नाही. १९४७ मध्ये ‘स्त्रीसुलभ’ म्हणजे गोड, असा अर्थ नव्हताच. कंबर आवळलेला, आतून ताठ बांधलेला झगा आणि कणा असलेला सुगंध ही एकाच हाताची कामे होती.

कापडपेठ
मान्य. एवढेच जोडतो की झग्याचा तो ताठपणाही आतल्या अस्तरामुळेच येई आणि तेही कापड कोणत्या तरी गिरणीतूनच येई.

निशिगंधा_पुणे
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मरवा यांचे वाचून आज स्वयंपाकघरातील दगडफुलाचा डबा उघडला आणि आत्याच्या बाटलीतील एक थेंब कागदाच्या पट्टीवर घेऊन दोन तासांनी दोन्ही हुंगून पाहिले. साम्य अंधूक आहे, पण आहे. आत्याला सांगितले, तर ती म्हणाली की तिथे असताना पहिल्या हिवाळ्यात तिला हा वास आवडला होता तो घरच्या आठवणीने, पण ती नेमकी कशाची आठवण, ते तिला इतकी वर्षे उमगले नव्हते.