मदत हवी आहे: परभणीहून उरणला आईला कसं न्यावं?

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण उरणला राहते. तिचं बाळंतपण झालंय, म्हणून दिवाळीनंतर आईला महिनाभरासाठी तिकडं पोचवायचंय. देवगिरी एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन सीएसएमटीपर्यंत आहे. आईचे गुडघे दुखतात, जिना हळूहळू चढते. डिंकाचे लाडू, अळीव, गोधड्या असं सामानही बरंच.

हार्बर लोकलनं नेरूळ आणि तिथून उरण, की भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराची लाँच? माझा ओढा लाँचकडं आहे. आईनं समुद्र पाहिलेलाच नाही. गंगाखेडला गोदेचा पूर, एवढंच मोठं पाणी तिनं पाहिलंय. पण चढताना-उतरताना तिचे हाल होतील का? टॅक्सी एवढ्या लांब परवडणार नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद
दादा, मी सेलूची, आता नेरूळला असते. सीएसएमटीपर्यंत जाऊच नका. देवगिरी ठाण्याला थांबते, तिथंच उतरा. ट्रान्स हार्बरच्या गाड्या (ठाण्याहून नवी मुंबईकडं जाणाऱ्या लोकल) ९ आणि १० नंबरच्या फलाटावरून सुटतात. पनवेल किंवा नेरूळची धरा, वाशीची नको. तिकीट थेट उरणचं काढा. सकाळी ऐरोली-घणसोलीला कामावर जाणाऱ्यांची झुंबड असते, त्यात आईंना चढवू नका. चहा-नाश्ता करा, गर्दी ओसरू द्या. नेरूळला गाडी बदलायची. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जाते, पण पाठोपाठ गाड्या नसतात, वेळ बघून ठेवा. रविवारी मेगाब्लॉक असतो, तो दिवस टाळलेला बरा.

लाँच येताना करा, तेव्हा सामान कमी असेल. मात्र भरतीची वेळ बहिणीकडून विचारून घ्या. मोऱ्याला गाळ फार, ओहोटीत लाँच धक्क्याला लागत नाही, कधी फेऱ्याच बंद ठेवतात. पाणी भरलेलं असलं की पायऱ्याही कमी उतराव्या लागतात. पाऊण-एक तासात भाऊचा धक्का येतो, तिथून सीएसएमटी टॅक्सीनं जवळ. देवगिरी रात्री नऊनंतर सुटते, त्यामुळं दुपारची लाँच मिळाली तर आईंना समुद्र निवांत बघता येईल.

धागाकर्ता
ताई, फार मोठी काळजी मिटवलीत. ठाण्याला गाडी किती थांबते? सामान उतरवायला वेळ मिळेल ना?

प्रतिसाद
दोन-तीन मिनिटंच धरून चाला. कल्याण गेलं की पिशव्या दाराशी आणा. आधी तुम्ही उतरा, मग आईंना हात द्या. सामान शेजारच्या प्रवाशाला खाली द्यायला सांगा.