‘जगणे हीच साक्ष’ म्हणून गप्प बसणाऱ्यांना

शाहूपुरीकर:
परवा आपल्यापैकी एकाने लिहिले की ख्रिस्ती माणसाने सचोटीने वागावे, तेवढी साक्ष पुरे. प्रभूविषयी तोंडाने बोलणे हा आगाऊपणा आहे. हे मला मुळीच मान्य नाही. बायबलमध्ये मत्तय २८:१९-२० ला येशूची शिष्यांना आज्ञा आहे; तिच्या मूळ ग्रीक वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, ‘शिष्य करा’. जाणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकवणे ही त्याला जोडलेली कृदंते आहेत. न बोलता शिकवायचे कसे, हे त्या लेखकाने सांगावे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये याच गावात जन्मला, आणि १८८६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ज्या विद्यार्थी चळवळीने पुढे हजारो तरुणांना परदेशी सेवेला पाठवले, तिच्या मुळाशी तो होता. मी मात्र तीस वर्षे शेजारी नाताळचा फराळ पोहोचवत राहिलो, हा सण आमच्यासाठी काय आहे हे एकदाही बोललो नाही, आणि गेल्या पावसाळ्यात ते गृहस्थ वारले.

मिरजेची परिचारिका:
दादा, आपली खंत खरी आहे, पण तिचे औषध चुकीचे आहे. मिशनरी वानलेस डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे राहिले. ते काम शब्दांहून दूरवर पोहोचले. मी बावीस वर्षे वॉर्डात आहे. एकदा एका उत्साही तरुणाने, शस्त्रक्रिया होऊन दोन तासही न झालेल्या रुग्णाच्या उशाशी सुवार्तेची पत्रिका ठेवली. नातेवाईक संतापले, आणि पुढे कित्येक दिवस आम्ही दिलेल्या गोळीकडेही ते संशयाने पाहत होते. १ पेत्र ३:१५ मध्ये विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सिद्ध राहा, तेही सौम्यतेने, असे आहे. म्हणजे आधी कोणी विचारले पाहिजे.

लक्ष्मीपुरीचे काका:
विचारणार कसे, आपली उपासना त्यांना परकी वाटत असेल तर? कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यांची भजने टाळांवर म्हणत आम्ही वाढलो. आज आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गिटार वाजते, पडद्यावर हिंदी आणि इंग्रजी ओळी झळकतात, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई ओठ मिटून उभी राहते. आधी ती गिटार बंद करा, मग शिष्य करा.

राजारामपुरीचा:
काका, त्याच गिटारमुळे मी आज मंडळीत आहे, त्यामुळे हे वाक्य मला फार लागले. माझे वडील गेले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. देवाने असे का केले, हे मी भजन म्हणणाऱ्या तीन वडीलधाऱ्यांना विचारले. तिघांनीही प्रार्थना कर असे सांगून विषय संपवला. गिटार वाजवणारा एक मुलगा मात्र दोन वर्षे दर गुरुवारी माझ्यासोबत बायबलमधले ईयोबाचे पुस्तक, निर्दोष माणसाच्या दुःखाची ती कथा, वाचत बसला. उत्तर त्यालाही ठाऊक नव्हते, पण तो येत राहिला.

लक्ष्मीपुरीचे काका:
माझ्या आईच्या दुःखाला तुम्ही तुमच्या दुःखाने उत्तर दिलेत, हे मला आवडलेले नाही. तुमच्या प्रश्नाला कोणी थारा दिला नाही, ही चूक आम्हा जुन्यांची आहे, एवढे मी मान्य करतो. भाषेविषयीचे म्हणणे मागे घेत नाही. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती, आणि ते लोक मराठीमुळेच जवळ आले असे माझे ठाम मत आहे.

शाहूपुरीकर:
गुरुवारची गोष्ट वाचून मला थांबावे लागले. ‘शिष्य करा’ याचा अर्थ मी केवळ ‘सांगा’ असा घेत होतो, आणि दोन वर्षे एका मुलाजवळ बसणे मला कधी सुचले नसते. तरीही ताई, कोणी विचारेपर्यंत थांबा हे मला पटत नाही. माझ्या शेजाऱ्यांनी कधीच विचारले नाही.

मिरजेची परिचारिका:
दादा, त्यांच्या पत्नी अजून तिथेच राहतात का? मग या रविवारी फराळ न घेता जा आणि तासभर बसा. काय बोलावे, हे मी सांगणार नाही.