'गव्हर्नन्स'ला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ
नाशिकला अभ्यासिकेतल्या मुलांसाठी बोट्स्वाना आणि नायजेरियावरचा मजकूर मराठीत करतेय. बोट्स्वाना 1966 साली स्वतंत्र झाला तेव्हा सबंध देशात डांबरी रस्ता जेमतेम 12 किलोमीटर. पुढच्या वर्षी ओरापाला हिरे सापडले. नायजेरियात 1956 सालीच तेल लागलं होतं. जमिनीखाली धन दोघांच्याही. एकाने त्यातून शाळा-रस्ते उभे केले, दुसऱ्यावर कच्चं तेल विकून पेट्रोल बाहेरून आणायची पाळी वर्षानुवर्षं आली. फरक 'गव्हर्नन्स'चा, असं मूळ वाक्य. मी 'शासन' लिहिलं, तर एका मुलाने विचारलं, "म्हणजे सरकार बदललं की झालं का?" 'सुशासन' लिहिलं तर 'वाईट सुशासन' म्हणता येत नाही. काय लिहू?

जुनं नाशिक
ताई, 'शासन'च ठेवा. शास् या धातूपासून आलेला शब्द. शास्त्र आणि शिष्य त्याच घरातले. राजाने दिलेल्या ताम्रपटालाही शासनच म्हणत. मंत्रालयाने तो आपल्या नावापुढे लावला म्हणून आपण का सोडायचा?

निफाडकर
काका, गुन्हेगाराला होतं तेही शासनच. 'कारभार' लिहा. कारभार नीट असतो, गलथान असतो, एकहाती असतो, अंदाधुंद असतो. चांगला-वाईट दोन्ही बोलता येतो. आमच्याकडे बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात. घरात पैसा किती यापेक्षा तो कसा पुरवला, हे त्या शब्दात आपोआप येतं. ताईंच्या दोन देशांचं नेमकं तेच आहे.

जुनं नाशिक
कारभार फारसी. 'कारोबार'चा भाऊ. परीक्षेच्या पुस्तकात संस्कृतोद्भव शब्द असताना हा कशाला?

वणीची वाट
माझे मराठीचे सर 'कार्यभार'पासून कारभार असं सांगत. शिवाय गव्हर्नन्सचं मूळ ग्रीक, जहाज हाकण्यावरून आलेलं. म्हणून 'सुकाणू' सुचवते. सुकाणू समिती म्हणतोच की आपण.

निफाडकर
सुकाणू अरबी आहे ताई, 'सुक्कान'पासून. काकांना तोही चालायचा नाही.

जुनं नाशिक
चेष्टेचा विषय नाही हा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी. सुरनीसाचा सचिव केला, मुजुमदाराचा अमात्य.

वणीची वाट
आणि पेशव्याचा पंतप्रधान. तरी पुढची शंभर वर्षं पुण्यात पेशवेच म्हटलं गेलं, आणि आज दिल्लीत पंतप्रधान आहेत. कोशाने शब्द घडतो, पण रुळायचा तेव्हा रुळतो. दोघांचंही खरं आहे, म्हणून भांडण मिटत नाही.

गोदाकाठ
मला 'कारभार' पटतोय. बोट्स्वानात हिऱ्यांची मोठी खाण पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीच्या मुलखात निघाली. पण भूगर्भातलं धन जमातीचं नव्हे, सगळ्या देशाचं, असा कायदा त्यांच्याच सरकारने 1967 साली केला. पुढे हिऱ्यांच्या कंपनीत देशाचा निम्मा वाटा मिळवला. याला नुसतं 'प्रशासन' म्हणवत नाही, ते कचेरीपुरतं वाटतं. पण लोक निवडून देतात, न्यायालय अडवतं, हिशेब तपासले जातात, हे सगळं 'कारभारा'त मावतं का?

निफाडकर
मावतं. श्रीलंकेकडे बघा. 2021 साली रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली, भात आणि चहा दोन्ही पडले, काही महिन्यांत बंदी मागे घ्यावी लागली. 2022 साली परदेशी कर्जाचे हप्ते थकले आणि राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. आपला कांदा तिकडे जातो, त्यामुळे तिथला कारभार बिघडला की झळ लासलगावला लागते. आणि आपला बिघडला की त्यांना. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली तेव्हा बाजारात लाल कांदा होता. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत टाकता येतो, लाल टिकत नाही. भरलेली ट्रॉली घेऊन माणूस उभा, लिलाव बंद. ठेवावा तर सडतो, विकावा तर गाडीभाडं निघत नाही. त्याआधी ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लावलं तेव्हाही लिलाव बंदच पडले होते. पेरणी करताना जो नियम होता तो काढणीला नाही, याला मी खराब कारभार म्हणतो.

जुनं नाशिक
ते धोरण झालं. शहरात कांदा महागला तर सरकारने बघत बसायचं का? धोरण आवडलं नाही म्हणून कारभार खराब म्हणू नका.

निफाडकर
धोरण काय ठरवलं हा एक भाग. कुणाला विचारून, किती आधी सांगून, नुकसान कुणी सोसायचं, हा कारभार. रात्रीतून काढलेल्या आदेशाला नुसतं धोरण म्हणून सोडता येणार नाही.

वणीची वाट
पण निफाडकर, शेतकरी संघटनाही निवेदनात 'शासनाचे धोरण'च लिहितात, 'कारभार' नाही. मागण्यांची भाषा तरी शासनाचीच आहे.

निफाडकर
निवेदन कचेरीत द्यायचं असतं म्हणून. गावात बसून तसं कुणी बोलत नाही. आणि 'लिलाव बंद पडले' की 'बंद पाडले', हेही एकदा ठरवा. पेपरात पहिलं छापतात, बाजार समितीत दोन्ही ऐकू येतात, आणि दोन्हींत दोष वेगवेगळ्या माणसावर जातो.

जुनं नाशिक
'पाडले'च. व्यापारी खरेदीला उतरले नाहीत तर ते पाडणंच.

वणीची वाट
शेतकऱ्यांनी रस्ता अडवला त्या दिवशीचं काय मग?