मदत हवी आहे : दोन चौकशांत वारसाची दोन वयं, कोणतं धरू?

इंग्लंडचा राजा एडवर्ड तिसरा (मृत्यू १३७७) याच्या शेवटच्या वर्षांत वारलेल्या एका इंग्लिश जमीनदाराची वंशावळ लावते आहे. जमीन थेट राजाकडून मिळालेली, त्यामुळे तो गेल्यावर चान्सरीतून (राजाच्या लेखन-कचेरीतून) हुकूम सुटला आणि एस्चीटरने (अशा जमिनींची चौकशी करणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्याने) स्थानिक ज्युरी बसवून चौकशी केली : जमीन किती, उत्पन्न किती, वारस कोण, त्याचं वय काय. जमिनी यॉर्कशायर आणि लिंकनशायरमध्ये, म्हणून चौकशाही दोन. घोळ इथेच आहे. एक ज्युरी मुलाचं वय १९ सांगते, दुसरी '२१ आणि अधिक'. हा फरक किरकोळ नाही. २१ पूर्ण नसतील तर जमीन आणि मुलाचं लग्न ठरवण्याचा हक्क, दोन्ही राजाच्या हातात जातात.

मला १९ जास्त पटतं, कारण '२१ आणि अधिक' हे ठोकळेबाज वाक्य जिथे तिथे दिसतं.

क्लोज रोल्सच्या (चान्सरीतून गेलेल्या बंद आदेशपत्रांच्या नोंदींच्या) छापील सारांशांत विधवेला तिचा तिसरा हिस्सा देण्याचा आदेश सापडला, मुलाला जमीन सोपवल्याचा नाही. फाइन रोल्समध्ये (राजाला पैसे देऊन मिळवलेल्या हक्कांच्या नोंदींत) पालकत्व कुणाला विकल्याची नोंद नाही. पुढचा राजा रिचर्ड दुसरा याच्या सुरुवातीच्या वर्षांच्या नोंदीही चाळल्या. वयाच्या पुराव्याची साक्ष (वारस सज्ञान झाल्याची शपथेवरची साक्ष) तिथेही नाही.

मला लॅटिन येत नाही आणि लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाणं शक्य नाही, त्यामुळे ऑनलाइन इंग्रजी सारांशच हवेत.

वयाची साक्ष नाही यावरून मुलगा तेव्हाच सज्ञान होता असं धरता येईल का? की पालकत्वाची नोंद पेटंट रोल्समध्ये (राजाच्या खुल्या पत्रांच्या नोंदींत) किंवा एस्चीटरच्या हिशेबांत शोधायला हवी, आणि आधी कुठे पाहू?