मास्तरांनी लाल गोल मारलेलं इंग्रजी: तुमचे अनुभव सांगा

परवा पोराचा अभ्यास घेऊलालतो, तर म्हनतो पप्पा 'आय ॲम' असतंय ना, मग 'आरन्ट आय' कुठून आलं? माझी बोलतीच बंद. आमची पाचवीपासून एबीसीडीवाली बॅच, पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं तवा आमी कॉलेजात, पाठ करायचं, कामून विचारायची सोयच नव्हती. तुमाला कुठं अडलंय? फजितीसकट सांगा.

लातूर : पोरगं हुशार आहे दादा. आयर्लंड-स्कॉटलंडकडं 'ॲमन्ट आय' म्हनतेत अजून.

परभणी : नववीत मी 'मेनी अ मॅन हॅज' लिहिलं, सरांनी हॅजवर लाल गोल मारला अन् बाजूला 'मेनी म्हणजे अनेक' लिहून दिलं. खरं तर माझंच बरोबर होतं, मधी 'अ' आला की क्रियापद एकवचनी. अर्धा मार्क गेला तो गेला, वर वर्गात 'मेनी' नाव पडलं, गावात एकजण अजून त्याच नावानं हाक मारतो.

नांदेड : माझं आवडतं 'द मोअर द मेरिअर'. डीएडला असताना आम्ही मैत्रिणी तासभर शोधत बसलो की 'द'च्या पुढचं नाम कुठाय, क्रियापद कुठाय. लई वर्षांनी कळलं, हा 'द' ते आर्टिकल नाहीच, जुन्या इंग्रजीतली तृतीया विभक्ती, 'तेवढ्यानं' अशा अर्थाची, ती तशीच उरलीय. म्हणजे आपलं जेवढे-तेवढे की! 'जितकं लवकर तितकं बरं' यात तरी क्रियापद कुठाय? आता वर्गात आधी मराठी वाक्य लिहिते, पोरं इंग्रजी आपोआप जुळवतात.

अंबाजोगाई : 'मीथिंक्स' पहिल्यांदा वाचलं तवा वाटलं आपल्याच कुन्या गड्यानं 'मी' घुसवला. पण ते चक्क 'मला वाटतं' निघालं, कर्ता चतुर्थीत! त्यातला थिंक विचार करायचा नाहीच, 'वाटणे' अर्थाचा वेगळाच जुना धातू.

बीड : आजोबा निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. मी 'इट इज रेनिंग' घोकत होतो तर म्हनले, इट म्हंजे कोन पडूलालंय रे? आमच्याकडं पाऊसच पडंना, इट कुठून पडावं.

ॲमन्टचं पोराला सांगितलं. म्हनतो, मग पेपरात काय लिहू? म्हनलं बाबा आरन्टच लिही, तपासनारे आयर्लंडचे नसतेत.