इलेक्ट्रिक स्नोब्लोअर: ओल्या बर्फाने नळी तुंबते, मदत हवी आहे

मंडळी, या हिवाळ्यात आम्ही वायरवर चालणारा स्नोब्लोअर (बर्फ उडवून वाट साफ करणारं यंत्र) घेतलाय. भुसभुशीत बर्फ तो झकास उडवतो. पण तापमान शून्याच्या आसपास असताना पडलेला ओला, जड बर्फ असला की फेकणारी नळी सारखी तुंबते आणि मोटर घुरघुरायला लागते. शिवाय रस्ता साफ करणारी गाडी गेली की ड्राइव्हवेच्या तोंडाशी घट्ट बर्फाचा बांध तयार होतो, तो या यंत्राने काढावा का? वायर पात्यात जाऊ नये म्हणून काय करता? सासरे सत्तरीचे आहेत, तेही हौसेने चालवणार, म्हणून जरा सविस्तर सांगा.

प्रतिसाद १
आधी एकच गोष्ट: तुंबलेल्या नळीत हात घालायचा नाही. मोटर बंद असली तरी नाही! धूर नाही, आवाज कमी, म्हणून हे यंत्र निरुपद्रवी वाटतं, पण त्याचं पातं बोटं तोडू शकतं. हँडलवरचा दाबून धरायचा खटका सोडा, पातं पूर्ण थांबू द्या, प्लग काढा (बॅटरीवालं असेल तर बॅटरी काढा) आणि मगच यंत्रासोबत आलेल्या दांड्याने किंवा लाकडी काठीने गोळा ढकला. अडकलेलं पातं फिरवणाऱ्या पट्ट्यात ताण उरलेला असू शकतो. गोळा सुटला की ते गर्रकन फिरतं.

तुंबू नये म्हणून पूर्ण रुंदीचा बर्फ एकदम घेऊ नका, अर्ध्या रुंदीचाच घेत सावकाश चला. नळीला आतून सिलिकॉन स्प्रे मारा. यंत्र उबदार खोलीतून थेट बाहेर आणलं तर बर्फ वितळून चिकटतो, म्हणून ते थंड जागीच ठेवलेलं बरं. आणि बर्फ पडत असतानाच मधे एकदा फिरवून घ्या, थर जाड होऊ देऊ नका.

प्रतिसाद २
बांध आधी फावड्याने फोडा, मग थोडा थोडा यंत्राला द्या. गोठलेले गोळे छोट्या इलेक्ट्रिक यंत्राला झेपत नाहीत. खडीवर तर ते चालवूच नका, दगड गोळीसारखे उडतात. बर्फाखाली पायपुसणं, वर्तमानपत्र राहिलंय का तेही आधी बघा.

वायर घराबाहेर वापरायचीच घ्या, भडक रंगाची. जितकी लांब तितकी जाड हवी, नाहीतर व्होल्टेज पडून मोटर तापते. सॉकेट गळती होताच वीज तोडणारं असावं. सॉकेटजवळून सुरुवात करून लांब लांब जात राहा, वायर खांद्यावरून मागे टाका आणि वळताना तिच्या विरुद्ध बाजूला वळा.

धागाकर्ती
खूप आभार! अजून एक. सासऱ्यांचे बोटांचे सांधे दुखतात, खटका दाबून धरणं त्यांना जड जातं. तो दोरीने बांधून ठेवला तर चालेल का?

प्रतिसाद १
नाही, अजिबात नाही. ते घसरून पडले तर हात सुटताच यंत्र थांबावं, एवढ्यासाठीच तो खटका असतो. त्यांना थोडा थोडा वेळच चालवू द्या, तुम्ही आलटून पालटून घ्या. पायात पकड असलेले बूट, डोळ्यांना गॉगल हवा, आणि लोंबणारा मफलर मात्र घरातच ठेवायला सांगा.